सत्ताविसाव्या पानावरची होडी

मी माझा नवरा पसंत केला तो पेन्सिलीनं काढलेल्या एका होडीवरून. होडी नखाएवढी होती. खाली एक बाकदार रेघ, वर एक तिरकं शीड, बस्स. वाचनालयाच्या कादंबऱ्यांत सत्ताविसाव्या पानाच्या तळाशी, आकड्याच्या डाव्या अंगाला ती असायची. हे मी वर्षानुवर्षं कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लोक हसले असते, आणि त्यांचं काही चुकलं नसतं.

त्या वेळी मी बी.ए.ची परीक्षा देऊन घरी बसले होते आणि मेन रोडच्या एका बोळातल्या वाचनालयात दुपारी कामाला जात होते. पूर्वी तिथं कापडाचं दुकान होतं, त्यामुळे पुस्तकांच्या फळ्या साड्यांच्या मापाच्या, खोल आणि बुटक्या होत्या. वाचनालयाचे मालक भला माणूस, पण वर्तमानपत्रापलीकडे त्यांचं वाचन जात नसे. कादंबरीचं पहिलं पान उघडलं की त्यांना जांभई यायची. म्हणून पुण्या-मुंबईहून नव्या पुस्तकांचं पार्सल आलं की ते माझ्यापुढे सरकवत आणि म्हणत, "वाच आणि सांग, कुणाच्या गळ्यात काय घालायचं ते."

माझ्यासारख्या मुलीला यापेक्षा सुखाची नोकरी मिळणं शक्य नव्हतं. सुतळी कापायची, डिंकाचा आणि ताज्या शाईचा वास नाकात भरून घ्यायचा आणि फळीला पाठ लावून बसायचं. प्रेमकथा एका दुपारी संपायची. रहस्यकथेला दीड दुपार लागायची, कारण खुनी कोण हे कळल्यावर मी पुन्हा मागे जाऊन त्याची लबाडी तपासायची. तिसरी फळी अद्भुत कादंबऱ्यांची. त्यांना मात्र मी पुरवून पुरवून वाचायची. एकीत तळ्याखाली बुडालेलं गाव होतं. तिथली माणसं पाण्याखालीच दळण-कांडण करायची आणि वरून होडी गेली की मान वर करून तिचा तळ बघायची. ती कादंबरी संपवून मी संध्याकाळी गंगेवर, म्हणजे आमच्या नाशकातल्या गोदावरीवर, गेले आणि पायरीवर बसून पाण्यात सोडलेले दिवे बघत राहिले. खालून कुणीतरी वर बघतंय असं मला खरंच वाटत होतं. घरी पोचायला उशीर झाला म्हणून आईनं दारातच खडसावलं, तर मी म्हणाले, "त्यांच्याकडे आत्ता कुठे दिवे लागले." आईनं माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं.

पुस्तक सुचवणं हे वाचण्याहून अवघड काम. एक म्हातारे वकील फक्त खुनाच्या गोष्टी नेत आणि पुस्तक परत करताना माझ्याशी उलटतपासणी केल्यासारखं बोलत. एका आजींची अट अशी की शंभराव्या पानाच्या आत कुणी मरता कामा नये, नंतर कितीही मेले तरी चालतील. बाजारात भाजीची पाटी लावणाऱ्या एक मावशी होत्या. त्यांची लेक त्यांना रोज वाचून दाखवायची. "मागल्या बुकात लय रडाया आलं बाई," त्या म्हणायच्या, "आता जरा हसायचं दे." मी पुस्तक द्यायची आणि मग आठवडाभर मला चैन नसायचं. ती व्यक्ती परत आली की आधी तिचा चेहरा बघायची, हातातलं पुस्तक नंतर. आवडलेलं असलं की चेहऱ्यावर आधीच दिसतं.

आता त्या खुणांचं सांगते. आमच्या सगळ्या पुस्तकांना खाकी कागदाची कव्हरं होती आणि पाठीवर नुसता आकडा. वरून सगळी पुस्तकं सारखीच दिसत. त्यामुळे लोक वाचलेलंच पुस्तक पुन्हा घरी नेत आणि पन्नास पानांनंतर कपाळावर हात मारून घेत. यावर सभासदांनी आपापला उपाय काढला होता. प्रत्येक घरानं आपलं एक पान ठरवलेलं होतं आणि त्या पानावर आपली एक बारीक खूण. कुणाची अकराव्या पानावर फुली, कुणाचा पन्नासाव्यावर टिंब, कुणाचं अर्धं कुंकू. नवं पुस्तक हातात घेतलं की आधी आपलं पान उघडायचं. खूण असली तर वाचलेलं, नसली तर घरी न्यायचं. नाशकातल्या त्या एका बोळात हा कारभार इतका बिनबोभाट चालायचा की एकमेकांच्या खुणा एकमेकांना ठाऊक नसत.

मालकांना मात्र हे मुळीच खपत नसे. "पुस्तकं म्हणजे काय देवळाची भिंत आहे का?" असं म्हणून त्यांनी मला एक मोठं खोडरबर आणून दिलं होतं. दर गुरुवारी परत आलेल्या पुस्तकांतल्या खुणा पुसायच्या, हे माझं काम. मी इमानेइतबारे पुसायची. त्यापायी एका निवृत्त हेडमास्तरांनी एकच रहस्यकथा तीनदा नेली आणि तिन्ही वेळा त्यांचा संशय भलत्याच माणसावर गेला, हे पाप माझ्याच माथ्यावर आहे.

होडी मात्र मी कधीच पुसली नाही. पहिल्यांदा दिसली ती त्या बुडालेल्या गावाच्या कादंबरीत. मी दचकले. मी गंगेवर बसून जे पाहिलं होतं ते या माणसानंही पाहिलं असणार, असं माझ्या मनानं घेतलं. मग इतर पुस्तकं उघडली तर त्यांतही होडी होतीच. प्रेमकथेत होती, खुनात होती, अद्भुतात होती. तिन्ही फळ्यांवर सारखं प्रेम करणारं या गावात माझ्याशिवाय आणखी कुणीतरी होतं. पुस्तकांतल्या तारखेच्या चिठ्ठ्या आणि सभासदांची कार्डं ताडून पाहिली, तेव्हा कार्ड निघालं मोजणी ऑफिसातल्या एका तरुणाचं.

तो दर शनिवारी सायकलवरून यायचा. उंच, सावळा आणि अतिशय अबोल. जमिनी मोजायला त्याला हरसूलकडच्या डोंगरांत हिंडावं लागे, त्यामुळे त्याच्या खांद्यावरच्या पिशवीतून आलेल्या पुस्तकांच्या कव्हरांवर तांबडी धूळ असायची. मी ती धूळ झटकायला घ्यायची आणि मला दिसायचं की दिवसभर मोजणीची साखळी ओढून दमलेला हा माणूस संध्याकाळी एखाद्या गावदेवीच्या ओट्यावर बसला आहे, समोर भाताची खाचरं आहेत आणि मांडीवर माझं पुस्तक आहे. सत्तावीस पानं झाली की तो कानामागची पेन्सिल काढतो आणि होडी सोडतो.

आमचं बोलणं म्हणजे दोन वाक्यं. मी म्हणायची, "हे न्या, आवडेल." पुढच्या शनिवारी तो पुस्तक टेबलावर ठेवायचा आणि खाली बघून सांगायचा. "आवडलं. पण ती बहिणीला क्षमा करते ते फार लवकर करते." किंवा, "शेवट पटला नाही. खुनी हुशार होता, लेखकानं त्याला उगीच बावळट केलं." एवढं बोलून झालं की त्याचे कान लाल व्हायचे. मला वाटायचं, केवढा समजूतदार माणूस आणि केवढा मितभाषी! त्या दोन वाक्यांवर मी पुढचे सहा दिवस काढत असे. दोन वर्षं हे असं चाललं.

तेवढ्यात बाबांनी लासलगावचं स्थळ आणलं. कांद्याचा व्यापार, स्वतःचा ट्रक, मुलगा हसतमुख. त्याच्यात खोट काढायला मला काही सापडेना आणि त्याचंच रडू येत होतं. बाबांनी आठ दिवसांची मुदत दिली. आठ दिवसांत मी हो म्हणायचं किंवा नाही म्हणण्याचं धडधडीत कारण द्यायचं. आता बाबांना काय सांगणार, पान सत्तावीस? मी जेवायला बसायची आणि घास तोंडातच फिरायचा. एकीकडे सगळं आयुष्य आणि दुसरीकडे नखाएवढी होडी, आणि तिच्या मालकाला याचा पत्ताही नाही.

पाचव्या दिवशी वाचनालयाचे मालक घरी आले. चहा पिता पिता म्हणाले, "आमच्या एका सभासदाच्या घरून तुमच्या मुलीसाठी विचारणा आहे. मुलगा मोजणीदार आहे. आई म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिक्षिका, वडील नाहीत. नात्यागोत्यात बसतंय." बाबा विचार करू म्हणाले. मी आतून, कुणी विचारलं नसताना, "मला चालेल," असं इतक्या मोठ्यानं म्हणाले की मालकांच्या बशीतला चहा सांडला.

लग्न झालं आणि मी गंगेपलीकडे पंचवटीत दोन खोल्यांच्या घरी आले. चौथ्या दिवशीची दुपार. मी पोळ्या आटोपून हात पुसत होते. मोजणीदार (यांना मी तेव्हापासून मनातल्या मनात हेच म्हणते) बाहेर ओट्यावर बसून लोखंडी साखळी फडक्यानं पुसत होते. आत खिडकीशी सासूबाई शाळेतून येऊन टेकल्या होत्या. त्यांनी खाकी कव्हराचं एक पुस्तक उघडलं, थोडा वेळ वाचलं, मग अंबाड्यात खोचलेली पेन्सिल काढली आणि पानाच्या तळाशी काहीतरी गिरवलं. मला जवळ जाऊन बघायची गरज नव्हती. खाली बाक काढताना आणि वर शीड काढताना हात कसा हलतो ते मला तिथूनच कळलं.

मग एकेक उलगडत गेलं. शिक्षिकेनं चारचौघांत प्रेमकथांच्या फळीशी उभं राहणं बरं दिसत नाही, म्हणून त्या कधी वाचनालयात पाऊल ठेवत नसत. कार्ड मुलाच्या नावावर, हेलपाटे मुलाचे, वाचणाऱ्या मात्र त्या. तांबडी धूळ तेवढी खरी होती. हरसूलहून परतताना मोजणीदार वाटेत वाचनालयावर थांबत, आणि पिशवीतल्या पुस्तकांना धूळ लागे. रात्री जेवताना मी त्यांना सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुम्ही काय वाचता?" ते घास गिळून म्हणाले, "सातबारा."

पुढचे दोन महिने मी वाईट वागले. घुसमटून वागले असं म्हणेन फार तर. ज्या माणसाशी मी मनात संसार मांडला होता तो माणूसच नव्हता आणि जो होता त्याचा काही गुन्हा नव्हता. त्याला हे कळता कामा नये, एवढं मी ठरवून टाकलं. आपल्या बायकोनं आपल्याला दुसऱ्याच कुणाच्या भरवशावर निवडलं, हे कळल्यावर कुठला माणूस सुखानं जेवेल?

मला बाहेर काढलं ते सासूबाईंनी. एका दुपारी त्यांनी माझ्यापुढे पुस्तक टाकलं आणि म्हणाल्या, "हे तू कधी सुचवलं नसतंस. अगदीच पुचाट आहे." मी न राहवून म्हणाले, "पुचाट नाही, मधली शंभर पानं तेवढी आहेत." झालं. चहा गार होईपर्यंत आम्ही भांडलो. भांडता भांडता त्या मधेच थांबल्या आणि म्हणाल्या, "त्या वाचनालयात सगळ्यांच्या खुणा पुसल्या जात. शाळेतल्या बाया कुरकुर करायच्या. माझी होडी मात्र कधी कुणी पुसली नाही. तेव्हाच मला वाटलं, तिथं कुणीतरी आहे. मग मुलाला विचारलं, पुस्तकं कोण काढून देतं रे? त्याचे कान लाल झाले, तेव्हा मीच समजले आणि मालकांना तुमच्या घरी पाठवलं."

"आणि सत्ताविसावंच पान का?" मी विचारलं.

"सव्वीस पानं कुठलाही लेखक कसाबसा ओढून नेतो. सत्ताविसाव्यावर कळतं, पुढे जायचं की नाही. होडीचं विचारशील, तर मला तेवढीच काढता येते. पहिलीच्या वर्गात फळ्यावर रोज काढते."

त्या दिवसानंतर मी त्या घरात खऱ्या अर्थानं नांदायला लागले. नवं पुस्तक आलं की आधी त्या वाचायच्या, मग मी. मी वाचत असताना त्या भाजी निवडायच्या निमित्तानं समोर बसायच्या आणि माझं तोंड बघत राहायच्या. "कुठवर आलीस?" असं दर दहा पानांनी विचारायच्या. एखाद्या प्रेमकथेतला नायक आजारी पडला की आमच्याकडे वरण लागायचं. पुढे त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला आणि मी दुपारी मोठ्यानं वाचून दाखवू लागले. होडी त्याच काढायच्या. मी त्यांचं बोट सत्ताविसाव्या पानाच्या तळाशी नेऊन ठेवायची आणि त्या न बघता शीड काढायच्या. मोजणीदार घरी असले तर बाहेरच्या खोलीत नकाशा पसरून बसलेले असत. एकदा मी वाचता वाचता श्वास घ्यायला थांबले, तर बाहेरून आवाज आला, "तो डॉक्टर खोटं बोलतोय." सासूबाई आणि मी पोट धरून हसलो. मोजणीदारांनी नकाशा गुंडाळला, आणि मीही ते तिथंच सोडून दिलं.

दहा वर्षं अशी गेली आणि सासूबाई गेल्या. तोवर शेजारीपाजारी टीव्ही आले होते, आमच्या वाचनालयात गर्दी उरली नव्हती. माझं वाचणं थांबलं. दुपार झाली की मी खिडकीशी बसायची आणि बाहेर बघायची. मला आई गेल्याचं जेवढं दुःख झालं नव्हतं तेवढं सासू गेल्याचं झालं, हे बोलायचीही चोरी. मोजणीदार मात्र शनिवारी वाचनालयात जायचे चुकले नाहीत. पुस्तक आणत, कोनाड्यात ठेवत आणि पुढच्या आठवड्यात परत नेऊन देत. मी त्यांना एकदाही नको म्हटलं नाही, की पुस्तकाला हातही लावला नाही.

तीन-एक महिने झाले असतील. दुपारी कोनाडा पुसताना पुस्तक हातातून निसटलं आणि पालथं पडलं. उचलताना बोटानं सवयीनं पान शोधलं. सत्तावीस. तळाशी होडी होती.

मी खाली बसले. पुस्तक नवंकोरं होतं, डिंकाचा वास येत होता, त्याच महिन्याच्या पार्सलातलं. क्षणभर मला ते बुडालेलं गाव आठवलं आणि वाटलं, खालून सासूबाईंनी मान वर केली. मग नीट बघितलं. बाक गुळगुळीत नव्हता, तीन सरळ रेघांचा होता. शीड पट्टी लावून काढलेलं होतं. पेन्सिल कडक शिशाची, नकाशावर हद्दी आखायची.

मोजणीदार संध्याकाळी आले, तेव्हा मी पुस्तक मांडीवर घेऊन बसलेलीच होते.

"ही तुम्ही काढलीत?"

"हो. नीट नाही आली."

"म्हणजे तुम्ही वाचलंत?"

"हरसूलला चार दिवस मोजणी अडली होती. एक हिस्सेदार येईचना. मग वाचलं." ते चपला काढत होते, माझ्याकडे बघत नव्हते. "आवडलं. शेवट पटला नाही, पण तू वाच."

तेच वाक्य, तेच खाली बघणं आणि चाळिशीकडे झुकलेल्या माणसाचे लाल झालेले कान. माझ्याच्यानं राहवेना. म्हटलं, "मला एक सांगायचंय. लग्नाआधी मला वाटायचं की ही होडी तुमची."

"माहीत आहे."

"आईंनी सांगितलं?"

"नाही." ते माझ्यासमोर जमिनीवर बसले. "आई मला सांगून पाठवायची, पुस्तकं देणाऱ्याला म्हणावं, आई म्हणते शेवट पटला नाही. पहिल्या शनिवारी मी घाबरलो होतो. त्यातलं 'आई म्हणते' तेवढं राहून गेलं. तुझा चेहरा असा काही उजळला, की पुढच्या शनिवारी मी ते मुद्दाम गाळलं."

"दोन वर्षं?"

"दर शनिवारी. सायकलवर पाठ करत यायचो."

मला हसू आवरेना आणि डोळ्यांतलं पाणीही. म्हटलं, "आणि लग्न झाल्यावर का नाही बोललात?"

"काय बोलणार होतो? तू आईला पसंत करून माझ्याशी लग्न केलंस, हे मला ठाऊक होतं. तुला कळलं त्या दुपारी मी ओट्यावर साखळी पुसत होतो. आतलं सगळं दिसत होतं. तासभर एकाच कडीवर फडकं फिरवत बसलो होतो. वाटलं, आता ही बॅग भरते." त्यांनी माझ्या मांडीवरचं पुस्तक सरळ केलं. "तू पोळ्या वाढल्यास."

दहा वर्षं मी ज्या गोष्टीपासून या माणसाला जपत होते, त्याच गोष्टीची धास्ती घेऊन तो माझ्याशेजारी जेवत होता. मी उठून दिवा लावला, भिंतीला पाठ लावून बसले आणि तीन महिन्यांनी पहिलं पान उघडलं. मोजणीदार लसणाची पाटी घेऊन समोर येऊन बसले. त्यांना लसूण सोलता येत नाही, अजूनही येत नाही. एकच पाकळी हातात धरून ते माझं तोंड बघत होते.

"कुठवर आलीस?" त्यांनी विचारलं.